एक ऑगस्टचा हिशेब

महाराष्ट्रात १ ऑगस्ट हा तसबिरींना हार घालण्याचा दिवस. शाळेच्या टेबलावर लोकमान्य टिळकांचा फोटो असतो, शेजारी आता बऱ्याच ठिकाणी अण्णाभाऊ साठ्यांचाही असतो. १९२० साली मध्यरात्र उलटून ही तारीख लागली आणि मुंबईत सरदारगृहात लोकमान्यांनी प्राण सोडला. त्याच तारखेला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे नावाचं मूल जन्माला आलं, तेच पुढचे अण्णाभाऊ.

एका तारखेला घडलेल्या गोष्टी शेजारी शेजारी मांडायच्या आणि त्यांत अर्थ शोधायचा, हा दिनविशेषांच्या सदरांचा जुना उद्योग. मला त्याचं फारसं कौतुक नाही. कुठलीही तारीख उकरली तरी काहीतरी सापडतंच. पण लोकप्रिय संगीताच्या इतिहासात या तारखेला हात घातला की जरा थबकायला होतं. १९४२, १९७१ आणि १९८१ या तीन सालांत १ ऑगस्टला अमेरिकेत तीन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरी तिन्हींच्या तळाशी गेलं की तीच एक कटकट हाती लागते: वाजवणारा वाजवून जातो, मग पुढचा पैसा जातो कुठे?

१९४२ साली १ ऑगस्टला शनिवार होता. न्यूयॉर्क, शिकागो, हॉलिवूड इथल्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत त्या दिवशी काहीच घडलं नाही, आणि बातमी हीच होती. अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या वादकांच्या संघटनेनं जूनमध्येच बजावलं होतं की एक ऑगस्टपासून तिचा कुणीही सभासद रेकॉर्डसाठी वाजवणार नाही. सभासद लाखाच्या वर होते. नाव घेण्याजोगा जवळजवळ प्रत्येक वादक त्यांत होता, कारण संघटनेचं कार्ड नसेल तर धड काम मिळत नसे. नाचघरात वाजवा, हॉटेलात वाजवा, रेडिओवर बसून वाजवा, कुणाची हरकत नव्हती. तबकडीपुढे मात्र वाद्य काढायचं नाही.

या संपामागचा माणूस म्हणजे जेम्स सीझर पेट्रिलो. शिकागोच्या गरीब इटालियन वस्तीत वाढलेला, ट्रम्पेट वाजवणारा. वादक म्हणून बेताचाच, पण संघटना चालवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. १९२२पासून शिकागोची शाखा त्याच्या मुठीत होती, १९४०मध्ये तो देशभरच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. जंतूंची त्याला इतकी धास्ती होती की हस्तांदोलनासाठी तो फक्त करंगळी पुढे करी. वर्तमानपत्रवाल्यांना असा माणूस म्हणजे आयतं गिऱ्हाईक, त्यात नावातच सीझर! महायुद्ध चालू, पोरं आघाडीवर, आणि हा गडी देशाचं संगीत बंद पाडतो, असा सूर सगळीकडे लागला. लोक आधीच चिडलेले होते. जुलैतच त्यानं मिशिगनमधल्या इंटरलॉकेनच्या संगीत-शिबिरातल्या शाळकरी मुलांचं रेडिओ प्रक्षेपण बंद पाडलं होतं. कारण काय, तर पोरं फुकट वाजवतात आणि पोटासाठी वाजवणाऱ्याची जागा खातात.

हडेलहप्पी होतीच. पण त्याचं मूळ म्हणणं खोटं नव्हतं. मूकपटांच्या काळात थेटरात पडद्याखाली वादक बसत. १९२७नंतर बोलपट आला आणि दोन-चार वर्षांत हजारो वादकांचा रोजगार बुडाला. आपल्याकडेही १९३१च्या ‘आलम आरा’नंतर थेटरातले पेटी-तबलेवाले असेच उठले, त्यांची दखल कुणी घेतली नाही, कारण त्यांना पेट्रिलो नव्हता. बोलपटानं मारलेल्या वादकाला पुढे ज्यूकबॉक्सनं गाठलं. १९४०च्या सुमाराला अमेरिकेत हॉटेलं, बार, खानावळी मिळून काही लाख ज्यूकबॉक्स झाले होते. ज्या कोपऱ्यात शनिवारी रात्री तिघा-चौघांचा ताफा वाजवायचा, तिथे आता पाच सेंटचं नाणं टाकलं की ड्यूक एलिंग्टनचा अख्खा बँड हजर. रेडिओ केंद्रांनाही रेकॉर्ड लावणं वादक बसवण्यापेक्षा स्वस्त पडू लागलं. आणि रेकॉर्डवर वाजवणाऱ्याला मिळायचं काय? त्या दिवसाच्या कामाचे ठरलेले पैसे. पुढे ती तबकडी दहा हजार वेळा वाजली तरी त्याच्या खिशात दमडी यायची नाही. वर त्याच तबकडीमुळे त्याच्या भावाबंदांचं काम जायचं. पेट्रिलोचा युक्तिवाद असा होता की बर्फ विकणाऱ्यानं काही फ्रिज बनवला नव्हता. आपला धंदा बुडवणारं यंत्र स्वतःच्या हातांनी घडवणारा कामगार जगात एकच, तो म्हणजे वादक.

मागणीही साधी होती. कंपन्यांनी विकलेल्या प्रत्येक रेकॉर्डमागे थोडी रक्कम संघटनेच्या निधीत भरायची. त्या निधीतून बेकार वादकांना काम द्यायचं आणि त्यांनी बागांत, इस्पितळांत, शाळांत लोकांना फुकट गाणंबजावणं ऐकवायचं.

कंपन्यांना वाटलं, चार दिवसांचा हट्ट आहे. व्हिक्टर, कोलंबिया आणि डेक्का या तीन बड्यांनी जून-जुलैत स्टुडिओ रात्रंदिवस चालवून माल भरून ठेवला. शिवाय त्यांना दुसरीच चिंता होती. रेकॉर्ड बनायची लाखेची, आणि लाख जायची हिंदुस्थानातून. युद्धामुळे जहाजं अडली, सरकारनं त्या वसंतातच रेकॉर्डसाठी लागणाऱ्या लाखेच्या वापरावर मोठी कात्री लावली. जुन्या रेकॉर्ड परत आणून द्या म्हणून दुकानं गिऱ्हाइकांच्या मागे लागली. म्हणजे कच्चा मालच नसताना वादक संपावर गेले, त्यामुळे पहिले काही महिने कंपन्यांना संप फारसा बोचलाच नाही.

बोचू लागला तो १९४३मध्ये, आणि त्यातून काही गमती झाल्या. ‘कॅसाब्लांका’ हा सिनेमा त्याच सुमाराला गाजत होता. त्यात डूली विल्सन पियानोवर बसून ‘अ‍ॅज टाइम गोज बाय’ गातो. (विल्सनला पियानो येत नव्हता; तो ड्रम वाजवणारा.) लोकांना ते गाणं घरी हवं होतं, पण साथीला वादक नाहीत तर रेकॉर्ड काढणार कशी? गाणं खरं तर १९३१चं. व्हिक्टरनं मग कपाटातून रूडी व्हॅलीची बारा वर्षांपूर्वीची तबकडी काढली, पुसली आणि बाजारात आणली. ती तडाखेबंद खपली. फ्रँक सिनात्राचंही तसंच. टॉमी डॉर्सीचा बँड सोडून तो स्वतंत्र झाला तो नेमका संप सुरू झाल्यावर. हॅरी जेम्सच्या बँडबरोबर १९३९ साली त्यानं गायलेली ‘ऑल ऑर नथिंग अ‍ॅट ऑल’ ही रेकॉर्ड तेव्हा कुणी विचारलीही नव्हती. १९४३मध्ये कोलंबियानं तीच पुन्हा काढली. फरक एवढाच की आता सिनात्राचं नाव ठळक होतं. ती लाखोंनी गेली.

गायक हे संघटनेच्या दृष्टीनं वादक नव्हते, त्यामुळे त्यांना बंदी लागू नव्हती. कोलंबियानं सिनात्राला माइकपुढे उभं केलं आणि मागे व्हायोलिन-सॅक्सोफोनच्या जागी गाणाऱ्यांचा घोळका उभा केला. तोंडानं हुंकार भरत त्यांनी वाद्यांची जागा भरून काढली. त्या तबकड्या आज ऐकल्या तर जरा चमत्कारिक वाटतात. घरात सामान नसल्यासारखा आवाज घुमतो. पण ऐकणाऱ्याच्या कानाला सवय लागली ती गायकाची. त्याआधी रेकॉर्ड असायची बँडची, गायक हा बँडमधला एक. संप मिटला तोवर गणित उलटं झालं होतं. मोठे बँड मोडले याला इतरही कारणं होती: लष्करभरती, पेट्रोलची टंचाई, १९४४मध्ये नाचघरांवर बसलेला जबर कर. तरी वादकांच्या भल्यासाठी केलेल्या संपानं गायकाला गादीवर बसवलं ही गोष्ट पेट्रिलोला नक्कीच झोंबली असणार.

दुसरी गोष्ट गमतीची नाही. याच दोन वर्षांत न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, मिंटन्स प्लेहाऊससारख्या जागांत, रात्रीची कामं आटोपून आलेले तरुण कृष्णवर्णीय वादक जॅझची चाल बदलत होते. पुढे तिला बीबॉप म्हणू लागले. अर्ल हाइन्सच्या १९४३च्या बँडमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आणि गायिका सारा वॉन असे तिघेही एकाच वेळी होते. त्या बँडची एकही रेकॉर्ड नाही. गिलेस्पी जिच्यात आहे अशी या नव्या वळणाची पहिली तबकडी कोलमन हॉकिन्सच्या नावावर फेब्रुवारी १९४४मध्ये निघाली, तीही एका लहान कंपनीनं. काही अभ्यासक म्हणतात की संप नसता तरी बड्या कंपन्यांनी या पोरांना स्टुडिओत घेतलं नसतं. मला ते पटतं. पण ज्या काळात जॅझ सर्वांत वेगानं बदललं त्या काळाचा आवाज आपल्याकडे जवळजवळ नाही, हे उरतंच.

आणि इथे मुंबई आठवते. १९४४ साली गिरणगावात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा त्याच युद्धकाळातला. गिरणीच्या गेटवर, चाळीच्या चौकात, मैदानात रात्ररात्र कार्यक्रम व्हायचे. अमर शेखांचा आवाज असा की माइक नसला तरी शेवटच्या रांगेला शब्द कळावा. त्या फडात काय वाजलं, कुठे टाळी पडली, अण्णाभाऊ लोकांकडे बघून ऐनवेळी काय जोडत असत, ते सगळं ऐकणाऱ्यांबरोबर गेलं. पुढे मुंबई सरकारनं तमाशावर आणि या पथकावर बंदी आणली, तेव्हा अण्णाभाऊंनी तोच ऐवज लोकनाट्य म्हणून उभा केला. हार्लेमला तबकडी बंद होती, गिरणगावात ती फारशी पोचलीच नव्हती. दोन्हीकडे जे टिकलं ते लोकांच्या तोंडी आणि हाताच्या सवयीत.

डेक्कानं सप्टेंबर १९४३मध्ये हात टेकले. रेकॉर्डच्या किमतीप्रमाणे पाव सेंटपासून पाच सेंटांपर्यंत रक्कम निधीत भरण्याचं तिनं मान्य केलं; मागोमाग कॅपिटल ही नवी कंपनीही आली. व्हिक्टर आणि कोलंबिया मात्र हटून बसल्या. ऑक्टोबर १९४४मध्ये अध्यक्ष रूझवेल्टनी पेट्रिलोला तार करून संप मागे घ्यायला सांगितलं. पेट्रिलोनं अमेरिकेच्या अध्यक्षाला, भर युद्धात, नाही म्हटलं. ११ नोव्हेंबर १९४४ला उरलेल्या दोन्ही कंपन्यांनी सही केली. सव्वादोन वर्षं लागली, पण तो जिंकला. नंतर कायद्यानं त्याचे हात बांधले, १९४८मध्ये आणखी एक संप झाला आणि निधी एका स्वतंत्र विश्वस्ताकडे गेला. पण रेकॉर्डच्या प्रत्येक प्रतीवर वाजवणाऱ्याचा काही हक्क राहतो, हे तत्त्व कागदावर उतरलं ते १ ऑगस्टच्या हट्टातून.

आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारला? १९६०च्या सुमाराला लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी हवी म्हणून आवाज उठवला. रफीसाहेबांचं मत वेगळं पडलं. गाण्याचे पैसे मिळाले, संपलं, असं त्यांना वाटे. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गायचं सोडलं. भांडण निदान मोठ्या गायकांचं तरी झालं. ज्या गोव्याच्या वादकांनी, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट यांच्यासारख्यांनी, हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा घडवला, त्यांचं नाव तबकडीवर यायचं नाही. रेकॉर्डिंग झालं की हातावर पैसे, आणि पुढच्या स्टुडिओची लोकल.

संप सुरू झाला त्याच शनिवारी सॅन फ्रान्सिस्कोत जेरी गार्सियाचा जन्म झाला, तोही एका वादकाच्या घरात. बाप होसे गार्सिया हा स्पेनहून आलेला, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा, स्वतःचा बँड असलेला. वादकांच्या संघटनेशी खटका उडाल्यावर त्याचं वाजवणं सुटलं आणि त्यानं बंदराजवळ बार टाकला. पोराचं नाव मात्र त्यानं जेरोम कर्न या संगीतकारावरून ठेवलं. पोरानं पुढे ग्रेटफुल डेड हा बँड काढला. या बँडनं रेकॉर्ड विकण्याच्या फंदात फारसं न पडता जन्मभर कार्यक्रमांवर पोट भरलं आणि ऐकायला आलेल्यांना टेप करायला बिनदिक्कत परवानगी दिली. १९८४पासून तर टेप करणाऱ्यांसाठी वेगळ्या जागा राखून ठेवल्या. टेप फुकट वाटा, प्रत्यक्ष ऐकायला या, तिकीट काढा. पेट्रिलोला जे हवं होतं, वादकाला समोरच्या श्रोत्याकडून पोटापुरतं, ते या केसाळ मंडळींनी संघटनेच्या उलट्या वाटेनं मिळवलं. मुंबईच्या माहीममध्ये वाढलेल्या झाकीर हुसेननी १९७६मध्ये याच बँडच्या मिकी हार्टबरोबर ‘डिगा’ ही तालवाद्यांची रेकॉर्ड केली, तिच्यात दोन ठिकाणी गार्सियाची गिटार आहे.

झाकीरभाईंचे वडील उस्ताद अल्लारखाँ १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मंचावर होते.

त्या कार्यक्रमाची मुळं बंगालच्या उपसागरात आहेत. नोव्हेंबर १९७०मध्ये पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळलं आणि लाखो माणसं गेली. २५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्करानं ढाक्यात कत्तल सुरू केली आणि निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून भारतात येऊ लागले. वर्षअखेर हा आकडा एक कोटीच्या घरात गेला. पंडित रविशंकर तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये होते. जन्म काशीचा, पण घराण्याची मुळं जेसोरकडची. गुरू अल्लाउद्दीन खाँ आणि गुरुबंधू अली अकबर खाँ दोघेही कोमिल्ल्याकडच्या शिबपूरचे. म्हणजे बातम्यांतली गावं ओळखीची होती. एखादा कार्यक्रम करून पंचवीस हजार डॉलर जमवावेत, एवढाच त्यांचा बेत होता. तो त्यांनी जॉर्ज हॅरिसनच्या कानावर घातला.

हॅरिसन त्यांचा शागीर्द. १९६६मध्ये मुंबईत ताजमध्ये उतरून तो सतार शिकत होता. १९६८च्या जानेवारीत फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यानं इथल्याच वादकांना घेऊन ‘वंडरवॉल म्युझिक’चं ध्वनिमुद्रण केलं होतं. त्याचा बीटल्स हा बँड मोडून वर्ष झालं होतं, त्याच्या नावाला त्या वेळी सर्वांत जास्त वजन होतं. पंचवीस हजार कशाला, मोठंच करू, असं म्हणून तो फोनला बसला. तारखेबद्दल असं सांगतात की त्यानं एका भारतीय ज्योतिषाला विचारलं आणि ऑगस्टची सुरुवात चांगली असं उत्तर मिळालं. इकडे गार्डन मोकळं मिळत होतं ते १ ऑगस्टच्या रविवारीच. ग्रह आणि हॉलचं बुकिंग यांचं इतकं एकमत क्वचित होत असेल.

हातात पाच-सहा आठवडे. रिंगो स्टार लगेच तयार झाला. लिऑन रसेल, बिली प्रेस्टन, क्लाउस फोरमन, जिम केल्टनर आले. एरिक क्लॅप्टन हेरॉइनच्या विळख्यात होता, तो येईल की नाही हे आदल्या दिवसापर्यंत नक्की नव्हतं. पॉल मॅकार्टनीनं बीटल्सच्या कोर्टकज्ज्यामुळे नकार दिला. जॉन लेनन येणार होता, पण योको नको म्हटल्यावर तोही फिरला. बॉब डिलन कित्येक वर्षं अमेरिकेत असा मोठ्या मंचावर आलेलाच नव्हता. कार्यक्रमाच्या यादीत त्याच्या नावापुढे हॅरिसननं प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं. दुपारच्या खेळाला डिलन गिटार आणि माउथऑर्गन घेऊन विंगेत दिसला तेव्हा हॅरिसनचा जीव भांड्यात पडला.

दुपारी अडीच आणि रात्री आठ असे दोन खेळ, मिळून चाळीस हजार श्रोते. त्यांतले बहुतेक बीटल्सच्या ओढीनं आलेले. त्यांच्यापुढे आधी बसले रविशंकर सतार घेऊन, अली अकबर खाँ सरोद घेऊन, तबल्यावर अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. हॅरिसननं विनंती केली की हे संगीत जरा शांतपणे ऐका. पंडितजींनी वाजवताना सिगारेट ओढू नका म्हणून सांगितलं. १९७१च्या न्यूयॉर्कमध्ये रॉकच्या श्रोत्यांना हे सांगणं धाडसाचंच. मग वाद्यं सुरात लावायला घेतली. तारा जुळवणं, तबल्याच्या गट्ट्यांवर हातोडी, पुन्हा सा. मिनिट-दीड मिनिट हे चाललं, थांबलं, आणि अख्ख्या गार्डननं टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर हसून म्हणाले की सूर लावणंच तुम्हाला इतकं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. हा किस्सा आपल्याकडे गोऱ्यांच्या अडाणीपणावर हसायला सांगितला जातो. या कार्यक्रमाच्या चित्रपटात तो प्रसंग बघितला तर वेगळंच दिसतं: लोक मन लावून ऐकत होते, म्हणून तर टाळी पडली. आपल्या मैफलीत वाद्य लागेपर्यंत अर्धा हॉल वडा खाऊन येतो. त्यानंतर जी ‘बांगला धून’ झाली ती सोळा मिनिटांची. अली अकबरांचं सरोद आणि सतार एकमेकांना प्रश्न घालतात आणि अल्लारखाँ दोघांना पळवतात, हे ज्यांनी पहिल्यांदाच ऐकलं त्यांनाही कळत होतं.

त्या दिवशी बांगलादेश नावाच्या देशाला जगातल्या कुठल्याही सरकारची मान्यता नव्हती. भारतानं ती दिली ६ डिसेंबरला. निक्सन आणि किसिंजर पाकिस्तानच्या याह्याखानाच्या पाठीशी होते, कारण चीनकडे जायचा त्यांचा गुप्त रस्ता इस्लामाबादवरून होता. अशा वेळी हॅरिसनचं ‘बांगला देश’ हे गाणं रेडिओवर वाजत होतं आणि अमेरिकेतली पोरं ते नाव उच्चारत होती. वॉशिंग्टन ज्याला पूर्व पाकिस्तान म्हणत होतं, त्याचं नवं नाव अमेरिकेतल्या लोकांना एका गाण्यातून कळलं.

पैशांचं सांगायचं तर तिकिटांचे सुमारे २,४३,४१८ डॉलर काही दिवसांत युनिसेफकडे पोचले. खरी रक्कम येणार होती ती तीन तबकड्यांच्या अल्बममधून आणि चित्रपटातून. तिथे घोळ सुरू झाला. डिलन कोलंबियाचा, बीटल्सची मंडळी कॅपिटलची, आणि प्रत्येक कंपनीला आपला वाटा हवा. कलाकारांनी एक पैसा घेतला नव्हता. कंपन्या मात्र मोबदल्यावर अडून बसल्या. कॅपिटलच्या प्रमुखपदी तेव्हा नुकताच आलेला माणूस भारतीय होता: भास्कर मेनन, तिरुवनंतपुरमचे, आपल्या ग्रामोफोन कंपनीतून वर गेलेले. नोव्हेंबरमध्ये हॅरिसननं टीव्हीवर डिक कॅव्हेटच्या कार्यक्रमात त्यांचं नाव घेऊन जाहीर वाभाडे काढले. अल्बम डिसेंबरमध्ये आला, खूप खपला, त्याला वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमीही मिळालं. कोलंबियानं प्रत्येक संचामागे पंचवीस सेंट घेतलेच.

त्याहून वाईट चूक घाईत झाली होती. कार्यक्रमाआधी युनिसेफशी रीतसर करार करायचं राहून गेलं होतं. अमेरिकेच्या करखात्यानं म्हटलं, मग ही धर्मादाय रक्कम कशी? अल्बम आणि चित्रपटाचे लाखो डॉलर सुमारे दहा वर्षं अडकून पडले. ब्रिटनचं सरकारही विक्रीकर सोडायला तयार झालं नाही. हॅरिसननं तिथे स्वतः दहा लाख पौंडांचा चेक लिहिला. ज्या लेकरांसाठी हे चाललं होतं ती तोवर मोठी झाली होती किंवा उरली नव्हती. तरी पुढच्या प्रत्येकानं या कार्यक्रमाकडून शहाणपण घेतलं. १९८५च्या ‘लाइव्ह एड’च्या वेळी त्याचा आयोजक बॉब गेल्डॉफला हॅरिसननं सल्ला दिला तो मुख्यतः कागदपत्रं आधी करा हाच.

१ ऑगस्ट १९८१, शनिवार, रात्री बारा वाजून एक मिनिट. न्यू जर्सीतल्या फोर्ट ली गावातल्या एका रेस्टॉरंटच्या तळघरात एका नव्या वाहिनीची मंडळी टीव्हीपुढे जमली होती. नदीपलीकडच्या मॅनहॅटनमध्ये त्यांची वाहिनी दिसतच नव्हती, म्हणून त्यांना इकडे यावं लागलं. पडद्यावर रॉकेट उडालं, अंतराळवीरानं चंद्रावर झेंडा रोवला, झेंड्यावर एमटीव्हीची अक्षरं. लगेच बगल्स या ब्रिटिश जोडीचं ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’. रेडिओचा गायक व्हिडिओनं संपवला असं रडगाणं घेऊन व्हिडिओची वाहिनी सुरू करायची, हा विनोद कुणाच्या डोक्यातून निघाला त्याला दाद द्यायला हवी. पहिल्या तासात निवेदकांचे तुकडे उलटसुलट लागले, एका गाण्याची ओळख दुसऱ्याच्या पुढे आली, पण बघणारे इतके कमी होते की फारसं कुणाला कळलं नाही.

वाहिनीकडे दाखवायला व्हिडिओच मोजके होते, त्यामुळे रॉड स्टुअर्ट दिवसातून कितीदा तरी यायचा. कृष्णवर्णीय गायक जवळजवळ नसायचे. आम्ही रॉक दाखवतो, असं त्याचं समर्थन असे. १९८३च्या सुरुवातीला डेव्हिड बोवीनं मुलाखत घ्यायला आलेल्या निवेदकालाच उलट विचारलं की तुमच्याकडे काळी माणसं का दिसत नाहीत. बिचाऱ्याला धड उत्तर देता आलं नाही. मग मायकेल जॅक्सनचं ‘बिली जीन’ आलं आणि लोकांनीच तो प्रश्न निकालात काढला.

पेट्रिलो तेव्हा हयात होता. एमटीव्ही सुरू झाली तेव्हा तो ८९ वर्षांचा होता; १९८४मध्ये शिकागोतच वारला. त्याच्या वेळचा निधी १९८१ सालीही बागांतल्या फुकट कार्यक्रमांचे पैसे देत होता. नवी वाहिनी मात्र चालत होती फुकटच्या मालावर. रेकॉर्ड कंपन्या व्हिडिओ जाहिरात समजून एमटीव्हीला विनामूल्य देत, वाहिनी त्यांच्यामध्ये साबणाच्या आणि शीतपेयांच्या जाहिराती विके, आणि व्हिडिओ काढायला लागलेला खर्च कंपनी नंतर ज्याचं गाणं आहे त्याच्याच रॉयल्टीतून वळता करून घेई.